कुंदा मावशीचा हेर

भुताच्या सिनेमातली सगळ्यात हास्यास्पद गोष्ट कोणती, असं कुंदा मावशीला विचारलं तर ती म्हणायची, हवेली. "सगळ्या भुतांना बरी हवेलीच मिळते," मटार सोलता सोलता ती सुरू व्हायची. "आमच्या सरकारी क्वार्टरात येऊन राहा म्हणावं. थोड्या थोड्या वर्षांनी बिऱ्हाड बदलतं, नवीन अलॉटमेंट होते, व्हाइटवॉश होतो. भुताला कळायचंसुद्धा नाही, आता घाबरवायचं कुणाला, तमिळ बाईला की बंगाली बाईला." आम्ही हसायचो. ती हसायची नाही. पुढची शेंग उचलायची.

आर. के. पुरममधल्या आमच्या ब्लॉकमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो आणि कारखानीस आमच्या बरोबर खाली. माझी आई आणि ती, दोघींचं माहेर सांगलीकडचं. तेवढ्या धाग्यावर ती माझी मावशी झाली. उंच, किडकिडीत बाई. केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी आणि आवाज असा सपाट की रागावली आहे की थट्टा करते आहे हे वाक्य संपेपर्यंत कळायचं नाही. मूलबाळ नव्हतं. घरात ती, कारखानीस काका आणि एक भलामोठा टीव्ही. त्या काळात दिल्लीच्या सरकारी वस्तीत लोक आधी फ्रिज घ्यायचे, मग टीव्ही. मावशीने आधी टीव्ही घेतला होता आणि लोणी कितीतरी उन्हाळे आमच्या फ्रिजमध्ये ठेवलं.

भुताचा सिनेमा दुपारी बघायचा, हा तिचा नियम होता. व्हीसीआर भाड्याने आणायचा, खिडक्यांचे पडदे सरकवून लख्ख उजेड करायचा आणि मग कॅसेट लावायची. "रात्री काय, कुणीही घाबरतं. दुपारी घाबरवून दाखव, तर तू खरा," हे ती दिग्दर्शकाला ऐकवायची. नळ टपकण्याचा आवाज आला की म्हणायची, "इन्क्वायरीत कंप्लेंट द्या." (वस्तीतले नळ, दारं, दिवे दुरुस्त करणाऱ्या सरकारी कार्यालयाला आम्ही सगळे इन्क्वायरीच म्हणायचो.) चेटकिणीच्या मेकअपवर तिचा शेरा ठरलेला होता, "कणीक थापलीय मेलीच्या तोंडाला." एखादाच सिनेमा तिला आवडायचा आणि आवडला की ती गप्प व्हायची. तिच्या हातातली भाजी थांबली, की आम्ही समजायचो, हा सिनेमा चांगला.

एकदा मी तिला विचारलं, की तुला खरंच कधी भीती वाटते का. ती म्हणाली, "हे लोक एकट्या बाईला घाबरताना दाखवतात, तेच चुकतं. एकट्या बाईला कसलं भय? ती कडी लावते आणि झोपते. घरात दुसरं कुणीतरी आहे आणि ते बोलत नाही, हे दाखवा. मग बघा कोण खुर्चीत बसून राहतं ते." मी तेव्हा कॉलेजात होते. मला ते सिनेमाबद्दलचं मत वाटलं.

हेरांच्या मालिकांचं मात्र वेगळं होतं. भूत म्हणजे करमणूक आणि हेर म्हणजे काम, अशी तिची वर्गवारी होती. हेरांची मालिका लागली की भाजीची परात बाजूला जायची, मावशी ताठ बसायची आणि पदर खांद्यावरून पुढे घ्यायची. जणू घरी कुणी मोठं माणूस आलं आहे. पण डोळा तिखट. "काळा चष्मा लावून कोण हेरगिरी करतं गं? अख्खा बसस्टॉप वळून बघेल. आणि हा लांब कोट? दिल्लीच्या मे महिन्यात?" मग आवाज खाली आणून म्हणायची, "खरा हेर चार्टर्ड बसने ऑफिसला जातो. त्याच्या डब्यात दुधीची भाजी असते." एवढं बोलून ती थांबायची आणि आमचं लक्ष आपोआप बाल्कनीकडे जायचं. तिथे कारखानीस काका आमच्याकडे पाठ करून बसलेले असायचे.

इथे आमच्या वस्तीची एक रीत सांगायला हवी. आमच्या आसपास खरोखरच काही माणसं अशी होती, की त्यांच्या ऑफिसचं नाव कुणी घेत नसे. ती "सरकारी नोकरी" एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची. आम्हा मुलांनाही लहानपणापासून शिकवलेलं होतं, की एखाद्याचे वडील नुसतं "ऑफिस" म्हणाले तर पुढे विचारायचं नाही. पूछते नहीं. समोरच्या ब्लॉकमधल्या भटनागर आंटींचे यजमान त्यातलेच. महिनोन्महिने दिसायचे नाहीत, मग एक दिवस दाढी वाढवून जिना चढताना दिसायचे.

लग्न होऊन सांगलीहून नुकत्याच आलेल्या कुंदा मावशीला या भटनागर आंटींनीच दीक्षा दिली होती. नवरा घरी आल्यावर एक शब्द बोलत नाही, ऑफिसातलं आपणहून काही सांगत नाही, म्हणून ही रडवेली होऊन बसली होती. आंटींनी विचारलं, "कुछ भी नहीं बताते?" ही म्हणाली, "कुछ नहीं." आंटींनी तिचा हात दाबला. "तो समझ जाओ. और पूछना मत."

मावशी समजली. त्या दिवसापासून सगळ्याचा अर्थ लागत गेला. काका बोलायचे नाहीत, कारण बोलणं त्यांना मना होतं. ऑफिसातलं कुणी घरी यायचं नाही, कारण ते कसं येईल? अधूनमधून ते "टूर आहे" म्हणून दोन कपडे भरून निघायचे, कुठे ते सांगायचे नाहीत आणि मावशी भाकऱ्या बांधून द्यायची. मंडळाच्या गणपतीला ते कधी आले नाहीत. "यांना गर्दीत दिसून चालत नाही," मावशी माझ्या आईला म्हणाली होती. काकांचा चेहराही असा, की समोरून गेल्यावर कसा होता ते आठवू नये. मध्यम उंची, मध्यम वर्ण, नीट विंचरलेले केस. माझ्या माहितीत ते दोनच शब्द बोलायचे, "हं" आणि "नको".

एका दुपारी आम्ही सात-आठ बायकामुली तिच्याकडे भुताचा सिनेमा बघत होतो. सिनेमा खरंच चांगला होता, मावशीचा हात थांबलेला. पडद्यावर एक दार हळूहळू उघडत होतं आणि तेवढ्यात आमच्या मागचं खरं दार उघडलं. काका तब्येत बरी नाही म्हणून लवकर घरी आले होते. आम्ही सगळ्या अशा किंचाळलो की त्या दिवशी रजेवर असलेले माझे वडील वरून धावत खाली आले. काकांनी बूट काढले, कोपऱ्यात जोडीने ठेवले आणि आमच्यामधून वाट काढत बाल्कनीत गेले. काय झालं, कशाला ओरडलात, काही नाही. आम्ही हसून हसून लोळत होतो. मावशी अभिमानाने म्हणाली, "यांच्या पावलांचा आवाज येत नाही. शिकवलेलं असतं त्यांना."

तिचे वडील वारले त्या वेळचं मात्र हसण्यासारखं नाही. सांगलीहून तार आली. काकांनी तिचं तिकीट काढलं, तिला स्टेशनवर नेऊन डब्यात बसवलं आणि परत आले. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, ते गेलेच नाहीत. माहेरच्यांनी तिला नको नको ते ऐकवलं असणार. परत आल्यावर ती आईला म्हणाली, "त्यांना दिल्ली सोडता येण्यासारखी नव्हती गं. काहीतरी मोठं चालू असणार." मग आमच्याकडची रद्दी मागून नेऊन तिने त्या दिवसांचे पेपर काढून वाचले. सीमेवरची काहीतरी बातमी तिला सापडलीही. पेपरात नेहमीच काहीतरी असतं.

आईला शंका होती. ती एकदा वडिलांना म्हणाली, की मला नाही वाटत हे कारखानीस तसले कुणी असतील. वडील पेपरामागून म्हणाले, "असतीलही. आपल्याला काय करायचंय?" आमच्या वस्तीत हे उत्तर सगळ्या प्रश्नांना चालायचं.

तेव्हाच्या एका मालिकेत हेराची बायको त्याची बॅग उघडून बघते असं दाखवलं होतं. मावशीने उठून टीव्ही बंद केला. ती एवढी चिडलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. "असल्या बायकांमुळेच माणसं मरतात. मी यांच्या बॅगेला कधी हात लावलेला नाही. धुवायचा रुमालसुद्धा ते स्वतः काढून देतात." कुणीतरी हळूच म्हणालं, की कुंदाताई, मालिका आहे ती. ती म्हणाली, "मालिका आहे म्हणून काहीही दाखवाल का?"

मग नव्वदची वर्षं आली. गच्च्यांवरून केबलच्या वायरी आल्या, ढिगाने चॅनेल आले, परदेशी हेर आले. मावशीचं इंग्रजी यथातथाच होतं, पण तिला अडत नसे. "बोलतात कुठे ते? नुसते बघत उभे राहतात. चांगले आहेत," हे तिचं प्रशस्तिपत्र. आमच्या ब्लॉकमधली माणसं हळूहळू नोएडाचं, गुडगावचं बोलू लागली. काकांनीही गुडगावला फ्लॅट बुक केला होता. मावशीला ते कळलं माझ्या वडिलांकडून आणि वडिलांना कळलं होतं तिसऱ्याच माणसाकडून. आईला फार वाईट वाटलं. मावशी शांत होती. "जागा निवडताना त्यांना शंभर गोष्टी बघाव्या लागतात. शेजारी कोण आहे, काय आहे. आधी बोलून कसं चालेल?"

काकांची रिटायरमेंट जवळ आली तशी मात्र ती बदलली. दिल्लीत अशी पद्धत होती, की शेवटच्या दिवशी ऑफिसातले लोक रिटायर होणाऱ्याला हार घालून, गाडीत बसवून घरी पोचवतात. घरी चहा-फराळ होतो. मावशीने महिनाभर आधी आईला सांगून ठेवलं, की त्या दिवशी तू आणि पोरगी दोघी खाली या. आणि मग, माझ्यासमोरच, ती म्हणाली, "आता तरी कुणीतरी येईल गं. नाव सांगणार नाहीत, काम सांगणार नाहीत, मला माहीत आहे. पण एवढं तर म्हणतील, की वहिनी, तुम्ही इतकी वर्षं गप्प राहिलात. एवढं म्हटलं तरी पुरे मला." तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. आई दुसरीकडे बघत राहिली.

त्या दिवशी तिने नारायणपेठी नेसली होती. समोसे, ढोकळा, बेसनाचे लाडू, सगळं मांडून झालं होतं. खाली गाडीची दारं वाजली आणि जिन्यावरून हसण्याचा गडगडाट वर आला. त्यात एक आवाज सगळ्यांच्या वरचा होता, जाड, खुललेला, गोष्ट रंगवून सांगणारा. तो कुणाचा ते आम्हाला ओळखू आलं नाही. मावशीलाही नाही. दार उघडलं तर गळ्यात झेंडूचे हार घातलेले कारखानीस काका बोलत बोलत आत येत होते. आम्हाला पाहिलं आणि ते थांबले.

बरोबर चार-पाच जण होते. त्यातले खन्ना म्हणून एक गोल, आनंदी गृहस्थ सोफ्यात बसत म्हणाले, "भाभीजी, आप किस्मत वाली हैं. ऐसा बोलने वाला आदमी मैंने ज़िंदगी में नहीं देखा. लंच में दूसरे सेक्शन के लोग टिफिन लेकर आ जाते थे इन्हें सुनने. घर पे तो आपको बोलने ही नहीं देते होंगे!"

मावशी हातात ताट घेऊन उभी होती.

"और वो भूतों वाली पिक्चरें!" दुसरा म्हणाला. "कारखानीस साहब, वो सुनाओ, चुड़ैल के पाँव उल्टे होते हैं तो चप्पल पहनकर कैसे देखती होगी दुकान में!" सगळे पोट धरून हसले. काका हसले नाहीत. ते वाक्य मावशीचं होतं. गेल्या हिवाळ्यात फ्लॉवर निवडताना ती ते बोलली होती, मी तिथे होते. काका बाल्कनीत बसून ऐकत होते म्हणजे. सगळं ऐकत होते आणि दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर घेऊन जात होते.

"आप लोगों का..." मावशीने तिच्या जपून बोलायच्या हिंदीत विचारलं, "काम किस चीज़ का है?"

लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता आणि तोही परक्या माणसाला.

"फर्नीचर, भाभीजी!" खन्ना म्हणाले. "कुर्सी, मेज़, अलमारी, परदे. किस अफ़सर को कौन-सी कुर्सी मिलेगी, सारी उम्र यही झगड़ा निपटाया हमने. लकड़ी देखने सहारनपुर जाते थे, तो ये साहब पूरे रास्ते गाने गाते थे. क्यों, इन्होंने बताया नहीं?"

आईने माझा हात धरला. तिला सांगलीची तार आठवली असणार, मलाही तीच आठवली.

"बताया है," मावशी म्हणाली. "मैं भूल गई थी. आप चटनी लीजिए ना."

तिने सगळ्यांना दोनदा वाढलं. लाडू बांधून दिले. पाहुणे गेल्यावर काका हार काढून बाल्कनीत जाऊन बसले आणि आम्ही तिघी स्वयंपाकघरात कपबशा विसळायला लागलो. नळाच्या आवाजाखाली मावशी बराच वेळ एकच कप धूत होती. आई म्हणाली, "कुंदा, ठेव आता तो." तिने ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे बोलता येत होतं यांना." मला त्या दिवशी काकांचा इतका राग आला होता, की आज ते म्हातारे डोळ्यांसमोर आले तरी तो पुरता जात नाही. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरख्यालीपणा नाही. त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला जागाच नव्हती. नुसतं तिच्याशी बोलावंसं त्यांना वाटलं नव्हतं, जन्मभर.

ते गुडगावला गेले. मलाही पुढे तिकडेच काचेच्या एका इमारतीत नोकरी लागली आणि शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटले की मी कधीकधी त्यांच्याकडे जायची. उंच टॉवर, निम्मे फ्लॅट रिकामे, भोवती बाभळी आणि खणलेली माती, खाली सतत धडधडणारा जनरेटर. बस नाही, दुकान नाही, ओळखीचं माणूस नाही. आणि इथे काका बोलू लागले होते. लंचची मंडळी राहिली नव्हती ना. ते गार्डशी बोलायचे, लिफ्टमध्ये बोलायचे, मला तर सोडायचेच नाहीत. कुठल्या साहेबाने फिरत्या खुर्चीसाठी कसा आकांत केला, ते हुबेहूब नकला करून सांगायचे. आणि खरं सांगते, छान सांगायचे. तेच मला सोसायचं नाही. मावशीशीही बोलायचे. ती मान न वळवता "हं" म्हणायची.

ती दिवसभर टीव्ही बघायची. भुताचं काहीही, कितीही वाईट असलं तरी. पण आता एक शेरा नाही. कणकेचा मेकअप आला, हवेली आली, नळ टपकला, ती नुसती बघत बसायची. मी मुद्दाम डिवचायची, "मावशी, कसा आहे सिनेमा?" ती म्हणायची, "आहे." तिची मतं गेली होती. ती बोलली, तर पुढच्या खोलीत कुणी ऐकेल आणि घेऊन जाईल, अशी धास्ती तिला होती की काय, देव जाणे. ते घर मला नको व्हायचं आणि तरी मी जायची, कारण तिच्याकडे जाणारं दुसरं कुणी नव्हतं.

शेवटची गेले तेव्हा काका असेच एक किस्सा सांगत होते आणि मावशी टीव्हीसमोर होती. बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमध्ये एक नवीन जोडपं आलं होतं, त्यातली मुलगी कामवालीचं विचारायला आली होती. लाघवी पोर होती. बसली, पाणी प्यायली, घर बघितलं आणि सहज म्हणाली, "अंकल रिटायर्ड हैं ना? कहाँ थे सर्विस में?"

काकांचा चेहरा उजळला. ते खुर्चीत पुढे सरकले. "अरे बेटा, मैं..."

मावशीने टीव्हीचा आवाज बंद केला. "बेटा," ती म्हणाली, "इनके ऑफिस की बात हम लोग नहीं करते."

मुलगी आधी गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं, किंवा आलं असं तिला वाटलं. ती चटकन उभी राहिली. "ओह. सॉरी आंटी. सॉरी सर." क्षणापूर्वीचे अंकल आता सर झाले होते. "मैं किसी को नहीं बोलूँगी, पक्का."

"अच्छा होगा," मावशी म्हणाली.

काकांचं तोंड अर्धवट उघडं होतं. मैं फर्नीचर में था, एवढंच तर म्हणायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ते का बोलले नाहीत, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बायकोला परक्या पोरीसमोर खोटं पाडणं जमलं नसेल, किंवा ते "सर" गोड लागलं असेल. पोर गेली. ती कुणाला सांगणार नाही म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या टॉवरला कळणार होतं आणि त्यानंतर त्या टॉवरमध्ये काकांना कधी कुणी काही विचारणार नव्हतं. मला त्यांची कीव आली. मावशीची भीती वाटली आणि तिला मिठी मारावीशीही वाटली.

अर्धा राहिलेला किस्सा काकांनी पुरा केला नाही. मी निघाले. मावशी लिफ्टपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "मावशी, हे काय केलंस?"

"काय केलं? मी जन्मभर विचारलं नाही," ती म्हणाली. "आता यांनी सांगू नये."

लिफ्ट आली. मी आत शिरले. दार मिटेपर्यंत ती तिथेच उभी होती, खांद्यावरचा पदर सारखा करत. मग मागे वळली आणि घरात गेली.